अभिप्रायातले श्वास

सोमवार, ३

एकदाची लागले बाई नोकरीला! आणि तेही उडत्या तबकड्यांच्या. दर शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर जो कार्यक्रम लागतो, कुणाला कुठे आकाशात काय दिसलं याचा तपास करणारा, त्यात 'प्रेक्षकांचे अभिप्राय' नावाचं खातं आहे. खातं म्हणजे मी, एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि कान चेपणारे हेडफोन. आधीच्या मुलीने खणात बिस्किटांचा अर्धा पुडा ठेवला होता, तो मी वारसाहक्काने संपवला.

लोक फोन करून आपलं मत रेकॉर्ड करतात. मी ते ऐकायचं, कापायचं आणि कार्यक्रमाच्या शेवटी लावायला चार-पाच सुबक तुकडे तयार ठेवायचे. संपादकबाईंनी शेजारी बसवून शिकवलं. आधी 'हॅलो, आवाज येतोय का' काढायचं, मग खोकला, मग श्वास. दोन शब्दांच्या मधे श्वास स्क्रीनवर बारीक केसाळ सुरवंटासारखा दिसतो. तो उचलायचा आणि फेकायचा. श्वास काढला की कसलाही रडका माणूस एकदम ठाम वाटायला लागतो, मी आज स्वतः पाहिलं. बाई म्हणाल्या, हवं ते वाक्य मिळालं की पुढचं ऐकत बसायचं नाही, नाहीतर जन्म जाईल. काम चांगलं केलं तर महिन्याभरात कायम करतील.

नवं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आईला दमा. प्रत्येक मजल्यावर टेकत, जिन्याला शिव्या देत ती वर आली आणि गॅलरीत जाऊन कठड्याला धरून उभी राहिली. धाप ओसरल्यावर म्हणाली, छान आहे गं, आता इथूनच बघत बसते तुझ्या तबकड्या.

शुक्रवार, ७

हसून हसून पोट दुखलं. एका गृहस्थांचं म्हणणं, सूत्रसंचालक ज्या दुर्बिणीतून तासभर आकाश न्याहाळतो तिचं झाकण काढलेलंच नसतं. (खरं आहे. मी जाऊन पाहिलं.) एका बाईंना राग आलाय की परग्रहावरचे लोक नेमके त्यांची मालिका चालू असतानाच का येतात. एक आजोबा दर आठवड्याला न चुकता फोन करून सांगतात की हे सगळं थोतांड आहे. चार शब्दांमागे दोनदा खोकतात. मी त्यांचं नाव खोकले आजोबा ठेवलंय. थोतांड असूनही त्यांनी एकही भाग चुकवलेला नाही!

आणि एक 'गृहिणी'. आवाज घोगरा काढून सांगत होती की अभिप्रायांचा विभाग हल्ली फार सुरेख होतो, त्या मुलीला शाबासकी द्या. (माझा पहिला तुकडा अजून लागायचाय!) मागे आमच्या घड्याळाचे टोले आणि प्रत्येक वाक्यानंतर ती ओळखीची धाप. मी कपाळावर हात मारला. घरी येऊन विचारलं तर आई म्हणाली, मी नाही बाई, मला कुठे फोन लावता येतो.

बुधवार, १२

बाईंना शनिवारसाठी काहीतरी काळजाला हात घालणारं हवं होतं, आणि आज ते आपल्या पायांनी चालत आलं. एक निवृत्त मास्तर. आवाज थकलेला पण स्वच्छ. म्हणाले, "भर दुपारी अंगणात उजेड उतरला. झाडांच्या, माणसांच्या, सगळ्यांच्या सावल्या गेल्या. इतका सुंदर, की उठून जवळ जावंसं वाटलं." एवढं झाल्यावर एक लांब श्वास घेतला त्यांनी. रेकॉर्डिंग पुढेही बरंच होतं, पण मला हवं ते मिळालं होतं. श्वासाच्या आधीच कात्री लावली. बाईंनी ऐकून माझ्या पाठीवर थाप मारली.

रविवार, १६

काल तो तुकडा शेवटी लागला, मागे बासरी टाकून. आई टीव्हीसमोर हात जोडून बसली होती, जशी काही मीच आकाशातून उतरणार होते. शेजारच्या काकूंना बोलावून सांगत होती, हे आमच्या मुलीने केलंय बरं का. मास्तरांचं बोलणं तिला इतकं आवडलं की दुपारी गॅलरीत खुर्ची टाकून आकाशाकडे बघत बसली. तुझ्या कार्यक्रमात सांगितलं म्हणजे खरंच असणार, म्हणाली. मी गालातल्या गालात हसत होते. छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

बुधवार, १९

फोनचा पाऊस. शिवाय एक गंमत. काही अभिप्राय इतके नेटके येताहेत की कात्री लावायला जागाच नाही. हॅलो नाही, अडखळणं नाही. 'कार्यक्रम आवडला. उजेड सुंदर आहे. जवळ जावंसं वाटतं.' संपलं. लोक माझे तुकडे ऐकून बोलायला शिकले, असं मी बाईंना ऐटीत सांगितलं. आज लवकर घरी आले.

शुक्रवार, २१

मास्तरांचा पुन्हा फोन. यंत्रावर नव्हे, ऑपरेटरने थेट मला जोडून दिला.

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. मलाच ताई म्हणून हाक मारून त्यांनी माफी मागितली. म्हणाले, मलाच नीट बोलता आलं नसेल, म्हातारपणी बोलताना मुद्दा राहून जातो. आमच्या गल्लीतले लोक म्हणतात, मास्तर, तुम्हीच टीव्हीवर सांगितलंत सुंदर आहे म्हणून. समोरच्या घरातली दोघं परवा दुपारी बाहेर पडली. आता मला कुणाला तोंड दाखवायची लाज वाटते, ताई.

मी बघते, सांगते, असं काहीतरी पुटपुटले आणि फोन ठेवला. मग ते रेकॉर्डिंग शोधून पुढचं ऐकलं. त्या लांब श्वासानंतर ते म्हणतात की त्यांची सून त्या उजेडाकडे गेली आणि घटकाभराने परत आली. हसते, कामं करते, नाव घेऊन हाक मारते. पण ती झोपली असताना यांनी नाकाशी हात धरून पाहिला. श्वास नाही. मग ते रडतात. रडत रडत सांगतात, लोकांना सांगा, उजेड दिसला तर बाहेर पडू नका, दारं-खिडक्या लावून घ्या, तुमचं सगळे ऐकतात.

एवढं सगळं होतं तिथे. मी ऐकलंच नव्हतं. टेबलाखाली तोंड लपवावंसं वाटलं. त्या माणसाने माझी माफी मागितली!

शनिवार, २२

सकाळीच बाईंकडे गेले. अख्खं लावू या म्हणाले. त्यांनी ऐकलं, चेहरा जरा उतरला, मग म्हणाल्या, म्हातारा भ्रमिष्ट दिसतो, आणि आज तर तोच तुकडा पुन्हा लावायचाय, लोकांची मागणी आहे. तुझं कायम होण्याचं पत्र माझ्या सहीसाठी आलंय, असंही सहज म्हणाल्या.

मी बाहेर आले. तुकडा लागला. बासरीसकट.

घरी आईला खरं सांगणार होते. ती म्हणाली, कालच खालच्या वाण्यालासुद्धा तुझं नाव ऐकवलंय. मी नुसतं म्हटलं, दुपारी गॅलरीत बसत जाऊ नकोस, ऊन लागेल. ती म्हणाली, ऊन कुठलं, सावली असते की तिथे. दार लावून घेत जा, म्हटलं. का गं? असंच, म्हटलं. मला स्वतःची किळस येते आहे.

सोमवार, २४

नेटके अभिप्राय आज पुन्हा काढले. आवाज मोठा करून ऐकले. मग स्क्रीनवर मोठे करून पाहिले. दोन शब्दांच्या मधे सरळ रेघ. सुरवंट नाही. मी काढलेले नाहीत, मी हातच लावलेला नाही.

खोकले आजोबांचाही आलाय. तोच आवाज. एकदाही खोकले नाहीत. थोतांड म्हणाले नाहीत. 'कार्यक्रम आवडला. उजेड सुंदर आहे. जवळ जावंसं वाटतं.'

बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. मग तोंड धुऊन पुढचे अभिप्राय कापायला बसले. बसले! अशी मी.

मंगळवार, २५

मास्तरांचं अख्खं बोलणं घरी आणलंय, फोनमध्ये. आईला ऐकवायचं ठरवलं होतं. जेवताना काढला फोन हातात. ती विचारत होती, कायम झाल्यावर पहिल्या पगारात काय घेणार. चमचाभर भात चावत हसत होती, मधेच धाप लागली, पाणी दिलं.

फोन परत ठेवून दिला. उद्या. उद्या नक्की. तिच्या नजरेतून उतरायला एक दिवस उशीर झाला तर काय बिघडतं.

बुधवार, २६

सकाळी कायम झाले. बाईंनी पेढ्याऐवजी चॉकलेट दिलं. संध्याकाळी सांगणार होते आईला, दोन्ही गोष्टी एकदम —

दोनच्या सुमारास एक अभिप्राय आला. गृहिणी. आवाज घोगरा केलेला नव्हता. मागे आमच्या घड्याळाचे टोले.

कार्यक्रम आवडला. उजेड सुंदर आहे. जवळ जावंसं वाटतं.

रेघ सरळ. पुन्हा ऐकलं. सरळ. दमेकरी बाई माझी, तीन शब्द सलग बोलत नाही ती —

धावत आले. आई जिन्यात भेटली, खालून भाजी घेऊन येत होती. माझ्या पुढे चढली. पहिला मजला. दुसरा. कुठे टेकली नाही. वर पोचल्यावर मीच कुत्र्यासारखी धापा टाकत होते आणि ती कुलूप उघडून हसत उभी.

म्हणाली, दमलीस गं?

गुरुवार, २७

कामावर गेले नाही. माझ्या खोलीत आहे. दार लावलंय. आई स्वयंपाकघरात. भांड्यांचा आवाज येतो, बाकी कसलाच नाही. इतकी वर्षं त्या धापेला कंटाळले होते मी. रात्री उशीत कान खुपसून झोपायचे.

मास्तरांना फोन लावला. सुनेने उचलला. कार्यक्रम आवडला म्हणाली.

संपादकबाईंना लावला. त्या म्हणाल्या — त्यांनीही तेच —

दुपार. खिडकीला चादर लावलीय. तरी उजेड येतोय. चादरीतून नाही, सगळीकडूनच. हाताची सावली वहीवर पडत नाही. पेनचीही नाही.

शनिवारीच सांगितलं असतं. जेवताना सांगितलं असतं. रागावली असती, चार दिवस बोलली नसती, काकूंसमोर मान खाली गेली असती. एवढंच ना. एवढ्याला भ्यायले मी —

कडी काढली नव्हती. तरी आई आत आली आहे.

मागे उभी आहे. खांद्यावर हात. हात ऊबदार आहे, तिचाच आहे. मानेवर श्वास लागेल म्हणून थांबले आहे. थांबले आहे अजून.

म्हणते, चल गॅलरीत, सुंदर आहे.

नाही म्हटलं. तर विचारते, प्रेमाने विचारते, त्या मास्तरांचं बोलणं मधेच तुटल्यासारखं वाटलं होतं गं मला, पुढे काय म्हणाले होते ते?

सांगते. आई, सांगते. ते म्हणाले होते की उजेड दिसला तर कुणी बाहे—