चिखल नसलेल्या चपला

ठाकुर्ली (पूर्व),
श्रावणातला शेवटचा रविवार

तीर्थरूप आई यांस,

सूनबाई रुचिताचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? जिना चढता येतो का? फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. शेजारची पायल वाचून दाखवेल. (पायल, कंसातलं मोठ्याने वाचायचं नाही.)

इकडे दोघी खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे. त्यातली सान्वी खरंच खुशाल आहे. पहिलीत बसते, आणि त्याच शाळेच्या ऑफिसात मी लागले आहे. शाळा घरापासून सात मिनिटांवर.

घर मिळायला मात्र तीन आठवडे लागले. घरातली पहिली पदवीधर म्हणून मी ठरवलं होतं, की नवं आयुष्य खऱ्यावर उभं करायचं. म्हणून प्रत्येक मालकाला आधीच सांगायचे, की माझे पती दोन वर्षांपूर्वी काविळीने गेले. मालक हळहळायचे, पाणी द्यायचे, आणि खोली द्यायचे नाहीत. शेवटी मयूर नावाचा एजंट वैतागला. म्हणाला, "ताई, तुम्ही एवढं खरं कशाला बोलता? समोरचा घाबरतो ना!" पाचव्या ठिकाणी मग मी काहीच बोलले नाही. मिस्टर मागाहून येतील, असं मयूरच म्हणाला. मी फक्त मान खाली घातली, आणि राहायला आल्यावर दाराबाहेर पुरुषाच्या चपलांचा एक जोड ठेवला. खोटं मी एकही बोललेले नाही, आई. जे काय बोलल्या त्या चपला बोलल्या.

चपला ठेवणं सोपं काम आहे असं मला वाटायचं. तसं नाही. सकाळी त्या आत घ्यायच्या, म्हणजे माणूस कामावर गेला. संध्याकाळी बाहेर ठेवायच्या, म्हणजे माणूस घरी आला. जुलैत दोन दिवस मला उठवलंच नाही (ताप नव्हता, पायल, नुसतंच उठवलं नाही), तेव्हा चपला बाहेरच राहिल्या. साहेब आजारी आहेत असा मजल्यावर समज झाला असावा, कारण शेजारच्या शेवंतीकाकूंनी पातेलंभर पेज पाठवली. सान्वीने मिटक्या मारत खाल्ली. मला दोन घासही गेले नाहीत. प्रीतमला शेवटी शेवटी पेजच तेवढी जायची, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पुढे कितीतरी दिवस संध्याकाळी चपला बाहेर ठेवल्या की क्षणभर मलाही वाटायचं, आत कोणीतरी आहे.

मग आला सत्यनारायण. बिल्डिंगचे चेअरमन आनंदकाका जिन्यात भेटले आणि म्हणाले, "यंदा पूजेला तिसऱ्या मजल्यावरचं नवं जोडपं बसवायचं. मिस्टरांना हाफ डे टाकायला सांगा." मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून मी हो म्हणाले. (संस्कार तुमचेच.) आठ दिवस डोकं चाललं नाही. प्रीतमला दुबईला पाठवावं असंही मनात आलं. सान्वीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आई, मग बाबा परत वारले असं सांगू या का?"

मी तशीच खाली गेले आणि आनंदकाकांना सगळं सांगितलं. तिथेच वाती वळत बसलेल्या शेवंतीकाकू म्हणाल्या, "मला ठाऊक होतं गं. अख्खा पावसाळा त्या चपलांना चिखल नाही. कामाला जाणारा माणूस काय उडत जातो?"

"मग काकू, ती पेज?"

"ती तुलाच पाठवलेली. तुझं दार दोन दिवस बंद होतं."

दोन महिने मालक विचारायला आला की "आत्ताच गेले हो," असं त्याच सांगत होत्या, म्हणे. म्हणजे खोटं बोललं गेलंच, फक्त माझ्या वाटणीचं त्या बोलल्या.

पूजेला दुसरं जोडपं बसलं. शिरा मी ढवळला. मालकाला आता सगळं कळलं आहे. तो म्हणतो, घरात वडीलधारं माणूस आणा, नाहीतर गणपतीआधी खोली सोडा. खोली गेली की शाळा गेली, आणि माझी नोकरीही.

असो. काही मागायला पत्र लिहिलेलं नाही. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुमची,
रुचिता

ता. क. येता का? खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. गुडघ्यांचं सुरुवातीलाच विचारलं ते त्यासाठीच. निघताना तुम्ही म्हणाला होतात, आता या घराचं नाव घेऊ नकोस. नाव घेत नाही, पण दारावरच्या पाटीवर तेच आहे.

ता. क. २. (पायल, हे सावकाश वाच.) तेराव्याला प्रीतमच्या चपला आपल्या लाल्या कुत्र्याने पळवल्या म्हणून तुम्ही त्याला काठी मारलीत, आणि अजून परसात शोधता म्हणे. लाल्याने नेल्या नव्हत्या. त्याला माझ्या वतीने एक भाकरी घाला. तुमच्या लेकाच्या चपला माझ्यापाशी आहेत. आलात की देते.

ता. क. ३. येताना तुमच्या चपला धुऊ नका. चिखल असू दे.