लक्षद्वीपला जायच्या आधी

प्रिय माया,

पत्र बघून दचकू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. फोन लावला की तुझ्या सासूबाई शेजारीच असतात, मग मी कांद्याचा भाव आणि गुडघेदुखी बोलून फोन ठेवते. गेले काही दिवस असंच चाललंय. म्हणून शेवटी कागद घेतला.

निवृत्त झाल्यावर एकदा मोठ्या बोटीतून समुद्रात जायचंय, असं तुला मागे म्हणाले होते. ते आता नक्की होत आलंय. इथं शिरूरला स्टँडजवळ एका मुलीनं सहलींचं ऑफिस काढलंय. तिच्याकडे माझ्या इतक्या फेऱ्या झाल्यात की मला बघून ती आधी चहाच सांगते. पहिल्यांदा सिंगापूरहून थायलंडकडे जाणारी बोट ठरत होती. पण आमच्यातल्या एकाकडे पासपोर्ट नाही, आणि तो येईपर्यंत थांबायचा धीर मला नाही. मग मुंबईहून लक्षद्वीपला जाऊन परत येणारी धरली, दिवाळीनंतरची, समुद्र शांत असतो तेव्हाची. तिथलं पाणी थंडीतही कोमट असतं म्हणे, आणि कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं तरी आपली पावलं दिसतात.

केबिनवरून मात्र माझं रोज बदलतंय. बिनखिडकीच्या खोलीत माझा जीव गुदमरेल. वरच्या मजल्यावर बाल्कनी मिळते, पण तिथं बोट जास्त हलते. ती मुलगी म्हणाली, "काकू, पहिलीच वेळ आहे, खालच्या मजल्यावरची मधोमध घ्या. खिडकी आहे, त्रासही कमी होईल." ते ठरवून घरी आले आणि सकाळी परत जाऊन बाल्कनी मागितली. उलटीच्या गोळ्या आणून ठेवल्यात. जन्मभर उपकेंद्रात नर्स म्हणून लोकांना गोळ्या दिल्या, पण या घेताना मेडिकलवाल्यासमोर उगाच लाजले. पाण्यात उतरायला एक ड्रेस घेतलाय. घालून आरशासमोर उभी राहिले, काढून पिशवीत कोंबला, पुन्हा बाहेर काढला. कशात लक्ष लागत नाही. दूध उतू जातं आणि मी शेजारीच उभी असते.

तुझ्या काकांच्या कानावर सहलीचं गेलं. हौसरावभाऊजी मुद्दाम मळ्यातून आले. म्हणाले, "वहिनी, फिरायचंच हाय तर बायांच्या संगं काशीला जा. समुद्रात काय हाय? आन् संगं कोण हाय?" चहा ठेवायच्या निमित्तानं मी आत गेले, ती बराच वेळ बाहेर आलेच नाही. तुझे आप्पा गेल्यावर भाऊजींनीच आपलं शेत सांभाळलं, तुझ्या लग्नात घरच्यासारखे राबले. त्यांना खोटं सांगवेना आणि खरंही सांगवेना.

परवा ऑफिसातल्या मुलीनंही तेच विचारलं. "काकू, दुसरे प्रवासी कोण? बेड वेगळे लावायचे की एकत्र?" मी उद्या सांगते म्हणाले आणि भर उन्हात घोडनदीच्या पुलापर्यंत चालत गेले. तिथं काही काम नव्हतं.

माया, दुसरे प्रवासी संपतराव आहेत. कोरेगावच्या एसटीवरचे ड्रायव्हर. तुम्ही पोरं त्यांना मामा म्हणायचात. उपकेंद्रातून निघायला मला उशीर झाला की ते स्टॉपवर गाडी जरा रेंगाळवायचे. तेव्हा तेवढंच होतं. त्यांचा संसार होता, आणि मला तुला वाढवण्यापलीकडे कशाचं भान नव्हतं. गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या शिबिरात ते पुन्हा दिसले. बायको जाऊन बराच काळ झाला होता, मुलगा नोकरीला नाशिकला. डोळ्यात औषध घालायला घरी कुणी नव्हतं, म्हणून मी जाऊ लागले. डोळा बरा झाला, तरी जात राहिले. बोटीचं त्यांनीच काढलं. म्हणाले, "जन्मभर मीच लोकान्ला न्हेलं. आता एकदा दुसऱ्या कुणी चालवावं, आन् म्या तुमच्या शेजारी बसावं." मग म्हणाले, "पर लगीन करून जाऊ. तुमच्याबद्दल कुणी वंगाळ बोललेलं मला खपायचं न्हाई." मी दोन्हीला हो म्हणाले.

निघायच्या आधी आम्ही पुण्याला नोंदणी पद्धतीनं लग्न करणार आहोत. साक्षीदार लागतात. त्यांच्याकडून त्यांचा मुलगा सही करतोय. तुमच्याकडून कोण, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी तुझं नाव सांगून बसले, तुला न विचारता. भाऊजींना मी सांगेन, पण तुझ्या आधी नाही. तुला राग येईल, कदाचित लाजही वाटेल, हे धरूनच मी लिहितेय. आप्पांचा फोटो भिंतीवर आहे तिथंच राहील, संपतरावांनीच तसं सांगितलंय. तू आली नाहीस तरी मी लग्न करणार आणि जाणार, हेही आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे आईचं सगळं आपल्या एका शब्दावर अडलंय असं ओझं तुला नको. पण सही करताना तू शेजारी असावीस, असं मला फार वाटतं. नाही म्हणायचं असेल तर तेसुद्धा समोर येऊन म्हण. दौंडहून सकाळची गाडी धर. मी घरीच आहे.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच,
आई