नऊ नद्यांचा शेवटचा भाग

समा, बडोदे
२० जुलै २०२५

चि. सौ. मंदा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या कानांनी संप पुकारल्यापासून फोनवर मी ओरडते आणि ऐकतात ते शेजारी. म्हणून पुन्हा कागदाकडे वळले. अक्षर लागलं नाही तर तुझ्या बळवंतरावांकडून वाचून घे.

तुझी ताई अडुसष्टाव्या वर्षी वाया गेली, असं आमच्याकडे ठरलं आहे. कारण टीव्हीवरचं ‘नऊ नद्यांचं राज्य’. गेली पाच वर्षं दर शनिवारी संध्याकाळी रेहाना पाणीगेटहून रिक्षाने येते आणि आम्ही दोघी पडद्यापुढे ठाण मांडतो. रेहाना तुला माहीत आहे, शाळेत मी इतिहास शिकवायचे आणि ती गणित. अख्खी नोकरी आम्ही एका डब्यात जेवलो. मालिकेतली तारिणी, म्हणजे नदीची राखणदार, माझा जीव की प्राण. पाच पर्वांत तिचा चेहरा दिसलेला नाही, काळ्या पडद्यातून नुसते डोळे. तरी ती गप्प झाली की मी पदराने डोळे पुसते. आमचे भास्करराव म्हणतात, मगरी आणि राक्षसच बघायचे असतील तर विश्वामित्री नदीच्या पुलावर जाऊन उभी राहा, फुकटात होईल.

२३ ऑगस्टला शेवटचा भाग. आमच्याकडे सोसायटीतल्या सगळ्या बायका जमणार, तारिणीसारखे काळे पडदे लावून. वरच्या मजल्यावरच्या श्रद्धाने ते शिवायला घेतलेत. रेहाना म्हणाली की तिचा शिवू नये, तिचा तयारच आहे. इतक्या हसलो की भास्करराव उठून बघायला आले.

दुसरी बातमी गंभीर. सोसायटीत चोरी झाली आणि कॅमेऱ्यात दिसलं ते तोंड झाकलेलं माणूस. सभेत मी उभी राहून सांगितलं की चेहरा दाखवल्याशिवाय कोणालाही फाटकातून आत सोडू नये, बुरखा असला तरी. नियम झाला, २० ऑगस्टपासून लागू. मला विचारशील तर बुरख्यावर कायद्यानेच बंदी हवी. आपल्या आजीने पडदा सोडला तेव्हा तिला किती ऐकून घ्यावं लागलं, विसरलीस का? रेहाना हजहून आल्यापासून बुरखा घालते, आणि जाहिराती लागल्या की आमची यावरून जुंपते. ती म्हणते, तिला कोणी घालायला लावला नाही, तर कोणी काढायलाही लावू नये. तिची सून घालत नाही, तिलाही ती काही म्हणत नाही. नियमाचं मीच तिला सांगितलं. ती चिडली, मीही चिडले, मग मालिका सुरू झाली.

गुडघ्यांना तेल लावत जा. लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.
तुझी,
ताई

देवास
२ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
मंदाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हे इतके हसले की चहा सांडला. म्हातारपणी काळे पडदे लावून बसणार म्हणे! फोटो पाठव, नातवंडांना भीती घालायला उपयोगी पडेल.

पण ताई, एक बोलू का? बुरखा मलाही आवडत नाही. उन्हाळ्यात बाजारात एखादी बुरख्यातली बाई दिसली की माझाच जीव गुदमरतो. तरी तो नियमाने काढायला लावणं त्याहून आवडत नाही. आजीने पडदा सोडला तो स्वतःच्या मनाने. कोणी फाटकावर उभं राहून सोडवला नव्हता. आणि स्कूटीवरून तोंडाला ओढणी गुंडाळून फिरणाऱ्या तुमच्या बडोद्याच्या पोरींना वॉचमन थांबवतो का, तेवढं बघ.

तू शाळेत शिकवताना होतीस तशीच आहेस. मी उशिरा आले तेव्हा तुझ्या वर्गात मलाही बाकावर उभं केलं होतंस, बहीण म्हणून सोडलं नव्हतंस. रागावू नको. धाकटीवर असते तशी माया असू दे.
तुझी,
मंदा

समा, बडोदे
२६ ऑगस्ट २०२५

चि. सौ. मंदा हिस,
आशीर्वाद.

उद्या गणपती बसतील आणि माझं कशातच लक्ष नाही. रेहाना शनिवारी फाटकावरून परत गेली.

सगळ्या जमलो होतो. श्रद्धाने माझा पडदा मागून टाचला होता. भाग सुरू झाला तरी रेहाना नाही, नेमकी तिचीच रिक्षा अडकली असावी. मग खालून वॉचमन सुभाषचा फोन आला, रेहानाबेन आल्या आहेत, बुरखा आहे, काय करायचं? तो तिला पाच वर्षं ओळखतो गं. पण नियम तीनच दिवसांचा, म्हणून बिचाऱ्याने विचारलं. मी म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा.

मला वाटलं, क्षणभर नकाब वर करेल आणि येईल वर, मग जाहिरातीत मला फैलावर घेईल. माझ्याच मैत्रिणीला मी सूट दिली असती तर सभेत कोणत्या तोंडाने उभी राहिले असते? शाळेत आम्ही दोघींनी कधी कोणाच्या पोराला सवलत दिली नाही. ती नक्की समजून घेईल असंच मला वाटलं. ती आलीच नाही. भाग संपल्यावर सुभाष नानखटाईचा डबा देऊन गेला. खाली सोसायटीतल्या गाड्यांचे तीन ड्रायव्हर उभे होते म्हणे, ती डबा त्याच्या हातात देऊन वळली.

तेव्हापासून ती फोन उचलत नाही. मंदा, मला जेवण जात नाही. माझं मत चुकीचं होतं असं मी अजूनही म्हणणार नाही, पण मताचं काय घेऊन बसू? मला ती हवी आहे.
तुझी,
ताई

देवास
३ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन कसला करत बसलीस? पाणीगेट काय समुद्रापार आहे? रिक्षा कर आणि जा. कायदा, बंदी, सभा, काही काढू नकोस. नुसती जा आणि माफी माग. तुला मागता येत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून सांगते. हातापाया पडून सांगते.

काय झालं ते लगेच कळव. तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसले आहे.
तुझी,
मंदा

समा, बडोदे
१४ सप्टेंबर २०२५

चि. मंदा,
आशीर्वाद.

जाऊन आले.

दार तिनेच उघडलं. आवो सरोजिनीबेन, असं म्हणाली. इतक्या वर्षांत मी तिची सरोज होते. बैठकीत बसवलं, चांगल्या कपबशा काढल्या. तिच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून चहा पिणारी मी, मला बशीत बिस्किटं आली. तुझी चौकशी केली, भास्कररावांच्या रक्तदाबाची केली. मी माफी मागितली. नीट मागितली, मंदा, कारण न देता.

तिने ऐकून घेतलं. म्हणाली, नियमाचं तिला काही वाटलं नाही. तो माझा आहे हे तिला आधीच ठाऊक होतं, आमचं भांडण तर चालूच होतं आणि आणखी वीस वर्षं चाललं असतं. माझ्या तत्त्वाचाही राग नाही. तिला वाटलं होतं, मी स्वतः खाली येईन. लिफ्टच्या आडोशाला माझ्यापुढे तिने चेहरा उघडला असता, मी सुभाषला सांगितलं असतं की ही तीच, आणि नियमही पाळला गेला असता. त्या ड्रायव्हरांपुढे ती उभी राहिली, लिफ्टचा आकडा खाली येतो का बघत. बराच वेळ.

मग तिने अगदी हळू विचारलं, मी का उतरले नाही.

तिला काय सांगू? लिफ्ट चालू होती. गुडघे त्या दिवशी बरे होते. मला सुचलंच नाही असंही नाही, फोन हातात असतानाच सुचलं होतं. पण तारिणी पडदा काढायला निघाली होती, मंदा, आणि मला तिचा चेहरा बघायचा होता.

मी बशीतलं बिस्कीट उचलून परत ठेवलं. तिला कळलं. कळणारच, पाच वर्षं माझ्या शेजारी बसली होती. तिने उठून कपबशा उचलल्या आणि मला रिक्षा बोलवून दिली.

आता मी काय करू, ते तू तरी लिही. तेवढी माया माझ्यावर शिल्लक असेल तर.
तुझी,
ताई