अंगठा न घेणारा लॅपटॉप

धम्मदीप,

सकाळी तू लॅपटॉपले अपडेट लावलं, तवापासून अंगठ्याची मशीन आईचा अंगठा घेऊन नाही राह्यली. तू तिलेच म्हणाला, "माय, कापूस येचू येचू तुह्ये बोटं झिजले." बिचारीनं तीनदा साबणानं हात धुतले. तू गेल्यावर मी माझा अंगठा ठेवला, तोही घेतला नाही. मी तर जन्मात कापूस येचला नाही!

हयातीच्या दाखल्याचा आज शेवटचा दिवस आहे. चुकला तर आईची पेन्शन बंद. म्हणून तिले ऑटोनं गुडीहत्नूरच्या सेंटरवर घेऊन चालली. तू आता एकही बटन दाबू नको, आजच्यापुरती सुधारणा पुष्कळ झाली.

आल्यावर चूक लॅपटॉपची होती हे तिले तूच सांग. माझं ती ऐकत नाही. म्हणते, धम्मदीप शिकलेला आहे.

अर्पिता