गाडी दोन बोटं खाली

सोमवार, ३ फेब्रुवारी

गाडी खाली करायची म्हणते!

म्हणजे कंपनीच्या स्प्रिंगा काढायच्या आणि आखूड बसवायच्या. गाडीचं पोट रस्त्याजवळ येतं. हे धंदे कॉलेजच्या गेटसमोर धुरळा उडवत फिरणाऱ्यांचे, असा माझा आजवरचा समज. आणि हे बोलतेय कोण, तर माझी धाकटी. इंजिनिअरच्या ऑफिसात नकाशे काढणारी, अपघातानंतर दोन वर्षं व्हीलचेअरवर असलेली माझी सख्खी बहीण.

मी भाषणाच्या पवित्र्यात आले होते. पण तिने पट्टी घेऊन कागदावर दोन रेघा मारल्या. एक तिच्या खुर्चीची, एक आमच्या छोट्या गाडीच्या सीटची. सीट अडीच बोटं वर. मधे फळी टाकली तर सपाटीवर ती घसरत जाऊ शकते, चढावर नाही. म्हणून रोज सकाळी मी तिला काखेत हात घालून उचलते, गाडीत ठेवते, ऑफिसच्या दारात पुन्हा उचलते. संध्याकाळी तेच. मी भाषणांना बाहेरगावी गेले की ती घरी बसून काम करते.

"साहेब म्हणालेत, मार्चपासून घरचं काम बंद. रोज यायचं, नाहीतर दुसरी बघू."

"असं म्हणाला? मी येते उद्या ऑफिसात. बघतेच त्याला!"

"तू नको येऊस. गाडी खाली कर."

महिनाही हातात नाही. रात्रीपर्यंत डोकं तापलेलं होतं. माणसाला दोन बोटांच्या चढावर अडवणारं हे जग!

बुधवार, ५ फेब्रुवारी

वाचनालयात जाते सांगून हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. कमरेतली चकती सरकली आहे. डावा पाय रात्री मुंग्यांनी भरतो तो त्यामुळे.

"वजन उचलणं आजपासून बंद. काय उचलता तुम्ही?"

"पुस्तकं."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कमी वाचा मग. पायातली ताकद गेली तर तुम्हालाच कुणीतरी उचलावं लागेल."

धाकटीला सांगणार नाही. सांगितलं तर ती उद्यापासून घराबाहेर पडायची नाही, आणि नोकरी जाईल. हजार माणसांसमोर मी खरं बोलते. घरात एवढं एक खोटं खपून जाईल.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सकाळी उचलली. संध्याकाळी उचलली. दात घट्ट आवळून.

शनिवार, ८ फेब्रुवारी

चाकांच्या दुकानात गेलो. भिंतीवर अलॉयची चाकं ढालींसारखी टांगलेली. रबराचा वास असा की कपडे घरी येऊनही वास मारतायत. दुकानदार दाढीवाला, ऐसपैस, बोलायला पटाईत. मला तो तत्काळ प्रतिस्पर्धी वाटला.

"सतरा इंची चाकं घ्या मॅडम. वर पातळ टायर. गाडी काय दिसेल!"

"मला दिसायचं नाहीये, बसायचंय," धाकटी म्हणाली.

चाक मोठं आणि टायर पातळ म्हणजे खड्ड्याचा दणका सरळ आत येतो. दणका बसला की हिचे पाय लाकडासारखे ताठ होतात, मग फळीवरून सरकणं विसरा. म्हणून तिला आहेत तीच पंधरा इंची चाकं हवीत, वर जाड, मऊ टायर. दुकानदाराला हे सहन होईना.

"खाली केलेल्या गाडीला असली चाकं? सूट घालून पायात स्लीपर घातल्यासारखं होईल हो."

"मी कुठे चालते? मला स्लीपरच बरी."

तो दचकला. माझ्याकडे पाहिलं, हसावं की नाही असं. धाकटीच हसली, मग तोही.

मग स्प्रिंगा. त्याच्याकडे दोन प्रकार. एका जोडीने गाडी पंचवीस मिलिमीटर खाली येते, म्हणजे दीड बोट. दुसरीने चाळीस, सव्वादोन बोटं.

"पंचवीस," धाकटी म्हणाली. "कारण –"

आणि मी उभी राहिले. अडचण अडीच बोटांची आणि उपाय दीड बोटाचा? आजवर आपल्यासारख्यांना सगळ्यांनी अर्ध्यावरच बोळवलं. अर्धा रॅम्प, अर्धा फुटपाथ, अर्धी नोकरी. आता स्प्रिंगही अर्धी? मी जे बोलले ते चांगलं बोलले, हे नम्रपणे नोंदवते. पंक्चर काढणारा हातातली नळी सोडून ऐकत होता. दुकानदार म्हणाला, "पण चाळीसला माणसं बसली की गाडी आणखी –" त्यालाही मी पुढे जाऊ दिलं नाही.

"तुमच्यासमोर कोण बोलणार," म्हणाला आणि चाळीस लिहून घेतलं.

परत येताना धाकटी खिडकीबाहेर बघत होती. दमली असेल.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

स्प्रिंगा बसल्या! टायर पुढच्या आठवड्यात येणार, तोवर जुनेच.

दारात खुर्ची लावली, फळी टाकली. ती एका दमात आत. दोन वर्षांत पहिल्यांदा माझे हात रिकामे. मी टाळ्या वाजवल्या, शेजारची माणसं खिडकीत आली. फेरी मारून आलो, उतरताना सवयीने मी तिच्या काखेत हात घातला आणि काढून खुर्चीत ठेवली. कळ थेट टाचेपर्यंत गेली. पण आनंदात कळ कसली!

"ताई, उतार आहे," ती म्हणाली.

"कसला?"

"काही नाही. उतरायचा सराव करायचाय मला. एकटीने."

"सभेनंतर करू. सोमवारी सभा आहे."

सोमवार, १७ फेब्रुवारी

लिहायला बसवत नाही. तरी लिहिते.

सभा नगरपालिकेसमोर होती. फुटपाथ आणि रॅम्पची मागणी. सकाळचीच, त्यामुळे धाकटीला सोडायला मला जमणार नव्हतं. धाकटीसाठी बदली ड्रायव्हर बोलावला होता. वयस्क, सभ्य माणूस. खुर्ची गाडीत ठेवायची आणि काढायची, तिला हात लावायचा नाही, असं तिनेच त्याला बजावलं. ती घसरत आत बसली, गाडी गेली, मी निर्धास्त.

आणि मी व्यासपीठावरून सांगितलं. ठरवलं नव्हतं, ओघात आलं. "माझी बहीण आज, या क्षणी, कुणाच्याही हाताशिवाय स्वतःच्या गाडीतून उतरून कामावर गेली आहे. मग हे शहर तिच्यासाठी एक पायरी का उतरू शकत नाही?" लोक उभे राहिले. कितीतरी वेळ टाळ्या. फोन पर्समध्ये, आवाज बंद.

या क्षणी ती गाडीत अडकली होती.

आत जाताना उतार होता, म्हणून ती सहज गेली. बाहेर येताना तोच उतार चढ झाला. ती बसल्यावर गाडी तिच्या वजनाने दबली, जुने टायर, सीटचा फोमही दबला. सीट खुर्चीच्या खाली गेली. फळीवर अर्ध्यात आली आणि मागे घसरली. पुन्हा. पुन्हा. ऑफिसची माणसं येत होती, गुड मॉर्निंग म्हणत होती. ड्रायव्हर बिचारा लांब उभा, त्याला हात लावायला मनाई. शेवटी तिनेच वॉचमनला हाक मारली. वॉचमन आणि शिपाई, दोघांनी मिळून बाहेर काढली. एकाने पाय धरले.

मला हे तिने सांगितलं नाही. ड्रायव्हरने सांगितलं. तिने दार लावून घेतलं आहे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

ती घरी. मी घरी. सभेचे फोटो पेपरात आलेत. पेपर लपवला.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज बोलली. मी चहा ठेवायला गेले तेव्हा, मान वर न करता.

"टाळ्या किती पडल्या?"

"कुणी सांगितलं तुला?"

"ऑफिसातल्या टंकलेखिकेचा भाऊ सभेला होता. तिने त्याच दुपारी सगळ्यांना ऐकवलं. मी नकाशा करत होते, सगळे माझ्याकडे बघत होते. सकाळी पोत्यासारखी काढली तीही बघितलेली, आणि हेही ऐकलेलं."

मी बोलायला तोंड उघडलं. तिने हात वर केला.

"त्या दिवशी दुकानात मी 'कारण' म्हणाले होते. कारण काय, ते तू अजून विचारलेलं नाहीस."

विचारलं. दोन आठवडे उशिरा.

तिने पुन्हा त्याच दोन रेघा काढल्या. अडीच बोटं हा फरक गाडी रिकामी असतानाचा. माणूस बसलं की गाडी आणि सीट दबून एक बोट आपसूक जातं. उरतं दीड. दीड बोट म्हणजे पंचवीस. तिने हे पहिल्याच दिवशी मोजलं होतं. जाड टायर गाडीला किंचित उचलतील, तेही धरलं होतं. तिचं वाक्य पूर्ण व्हायला जेवढा वेळ लागला असता, तेवढा वेळ मी तिला दिला नाही. दुकानदारालाही नाही. तो तर माझ्यासमोर हरायला तयारच बसला होता.

"तू सगळ्यांची वाक्यं पूर्ण करतेस, ताई. चांगली करतेस. फक्त आमची नसतात ती."

इतक्या सभांत इतक्या विरोधकांनी मला बोल लावले. एकाचाही असा वर्मी लागला नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

दुकानात ती एकटी आत गेली. मी बाहेर, टायरच्या थप्पीवर बसून. काचेतून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. माझ्यासाठी ही शिक्षा कुणी मुद्दाम शोधून काढली असती तरी इतकी नेमकी जमली नसती.

दुकानदार हातवारे करतोय, ती मान हलवतेय. मग तिने टेप काढला. आणि त्या ऐसपैस माणसाला आत उभ्या केलेल्या आमच्या गाडीच्या सीटवर बसायला लावलं! तो बसला, ती खाली वाकून मोजतेय, त्याला हाताने खुणावतेय, पोट आत घेऊ नका, नीट वजन टाका. पंक्चरवाला पोट धरून हसत होता. मी उठले, दारापर्यंत गेले, परत येऊन बसले. दोनदा.

चाळीसवाल्या स्प्रिंगा त्याने परत घेतल्या, तोंड वाकडं करून. पंचवीस बसल्या. पंधरा इंची चाकं, जाड टायर. निघताना मला म्हणाला, "मॅडम, तुमच्या बहिणीसमोर तर अजिबातच बोलता येत नाही."

उद्या कमरेने मला उठू दिलं तर नशीब.

बुधवार, २६ फेब्रुवारी

तालीम. ड्रायव्हर गाडीत. सगळं खऱ्यासारखं.

मी हात पाठीमागे बांधून उभी. तिने सांगितलं होतं, "काही झालं तरी."

आत गेली, ठीक. मग बाहेर. फळी लावली, दोन्ही तळहात टेकले, कंबर उचलली. सरकली. पुन्हा सरकली. मधे फळी हलली आणि ती एका बाजूला कलली. माझे हात सुटले, मी पुढे –

"हात लावू नकोस!"

थांबले. ड्रायव्हर स्टिअरिंगकडे असा बघत होता की जणू तिथे काहीतरी लिहिलंय. ती तशीच कललेली, कपाळावर घाम, एक हात सीटच्या कडेला. मग इंच इंच सरळ झाली. फळी नीट केली. आणि आली. खुर्चीत आली.

"हं," म्हणाली.

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि नळाच्या आवाजात रडले.

सोमवार, ३ मार्च

सकाळी ड्रायव्हरबरोबर गेली. आत बसून काच खाली केली, म्हणाली, "इकडे ये. आणखी खाली वाक. नको, वाकू नकोस, तिथूनच ऐक." मग म्हणाली, "आता हाडांच्या डॉक्टरांकडे जा आणि कमरेचा इलाज सुरू कर."

मी म्हटलं, कुठले डॉक्टर.

"मला उचलताना तू श्वास रोखतेस, ताई. माझा कान तुझ्या छातीशी असतो. वर्षभर ऐकतेय मी. आणि नोकरीबद्दल साहेब मला काहीही बोललेले नाहीत, तू मला उचलणं थांबवावंस म्हणून ते मी रचलं. ज्याच्यासाठी लढायचं असं कुणीतरी तुला लागतं आणि ते कुणीतरी तू कधीच नसतेस."

गाडी गेली. मी आत येऊन, भर सकाळी, आडवी झाले.