सखीला फक्त कान असतात

२९ ऑगस्ट

भूमिकांची यादी फळ्यावर लागली. राणी — मारिव्हॉन. राणीची सखी — मी.

चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेच.

बारा वर्षं ही राणी मी केली. खाटीकसुद्धा मांस बांधून देताना "घ्या, राणीसाहेब" म्हणतो. आता काय म्हणतो ते बघू. मारिव्हॉन फळ्यापाशीच घुटमळत होती. डोक्याला तो निळा रुमाल, आईनं पाठवलेला, समुद्राकाठच्या बायका बांधतात तसा. "बाई, शपथ घेऊन सांगते, मला यातलं काही माहीत नव्हतं." डोळे भरलेले. ते तिला कधीही भरता येतात. मीच शिकवलंय.

आली तेव्हा अठरा वर्षांची पोर होती, मासळीच्या टोपल्या उचलून हात खरखरीत झालेले. माझ्या स्वयंपाकघरात बसवून तिच्याकडून एकेक ओळ घासून घेतली मी. या अख्ख्या थिएटरात मला सगळे 'मादाम' म्हणतात. 'बाई' म्हणणारी ही एकटीच. आणि हिनंच माझ्या सिंहासनावर बसावं!

३० ऑगस्ट

राजीनामा लिहिला. फाडला. पंचावन्नाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण उभं करणार?

५ सप्टेंबर

वाचनाची पहिली तालीम. दिग्दर्शक कोस्तार पॅरिसहून आलाय, हे तो कुणाला विसरू देत नाही. आल्या आल्या रंगमंचावरचं, अडलेल्या नटाला खालून ओळ सांगणाऱ्या प्रॉम्प्टरचं भोक फळ्या ठोकून बंद करवलं. म्हणे जमिनीतून कुजबुज येणारं नाटक आता कुणी बघत नाही. बिचारी प्रॉम्प्टर पेन्शनीत गेली.

मी विचारलं, चौथ्या अंकात राणी तिच्या प्रियकराला मारायचा हुकूम देते, तो हुकूम सखी बाहेर घेऊन जाते. जाताना तिच्या मनात काय असतं?

"सखीला मन नसतं, मादाम. सखीला फक्त कान असतात."

सगळे हसले. मारिव्हॉन हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. निदान सरळ राग तरी करता आला असता.

८ सप्टेंबर

तीनशे वर्षांपूर्वी हे नाटक लिहिणारा गृहस्थ हुशार होता यात वाद नाही. पण बायकांची वाटणी त्यानं कशी केलीय ते आता खालून बघताना दिसतं. बंदिवान राजकन्येला सगळं प्रेम दिलं — ती रडते, सुंदर दिसते, कुणाचं वाईट चिंतत नाही. राणीला द्वेष दिला. खरं म्हणजे राणीचं प्रेम राजकन्येपेक्षा कितीतरी मोठं, पण ते पुरुषाला नको असलेलं प्रेम, म्हणून त्याचं नाव द्वेष! आणि सखीला काय दिलं? "शांत व्हा, राणीसाहेब." "कुणीतरी येतंय, राणीसाहेब." बस.

त्या राजपुत्राला मात्र कुणी विचारत नाही, तू दोन बायकांना झुलवत का ठेवलंस म्हणून. तो मरतो आणि थोर होतो.

राणीचं एक मात्र मला कधी पटलं नाही. राजपुत्र तुमच्या प्रेमाची टवाळी करतो असं कुणीतरी येऊन सांगतं, आणि ही खातरजमा न करता हुकूम सोडते. निरोप खोटा होता हे पाचव्या अंकात कळतं. बारा वर्षं ही बाई मी जीव तोडून केली आणि बारा वर्षं मनात म्हणत आले, मूर्ख आहेस.

१५ सप्टेंबर

मारिव्हॉन चौथ्या अंकात अडली. बरोबर तिथंच, जिथं मी अडायचे. हुकूम देण्याआधी राणी गप्प होते आणि मग ते मोठं भाषण सुरू होतं. त्या गप्प होण्यात काय होतं देव जाणे, पुढचा शब्द जातो तो जातोच.

माझ्या वेळी सखी म्हातारी बेर्त करायची. तिनं एक युक्ती काढली होती. मी अडले की राणीला सावरल्यासारखं करून ती दोन बोटं माझ्या मनगटावर दाबायची आणि ओठ न हलवता पहिला शब्द द्यायची. प्रेक्षकांना वाटायचं काय माया आहे! बेर्तनं याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. आणि मी कधी आभार मानले नाहीत. तिच्या मयतीलासुद्धा मला प्रयोग होता.

आज मी मारिव्हॉनचं मनगट दाबलं. हात आपोआपच गेला.

"बाई, तुम्ही आहात म्हणून," ती नंतर कुजबुजली.

मी आहे म्हणून. हो.

२२ सप्टेंबर

वाईट याचं वाटतं की ती चांगली करते. माझ्यापेक्षा वेगळी करते. मी ओरडायचे तिथं ती हसते, आणि अंगावर काटा येतो. मी राखाडी झगा घालून दोन पावलांवर उभी असते, त्यामुळे ते सगळ्यात जवळून मलाच बघावं लागतं.

२६ सप्टेंबर

सर्दी, ताप. मारिव्हॉन कांद्याच्या पातीचं सूप घेऊन आली. "बाई, दोन चमचे तरी घ्या. असं काय करता लहान मुलासारखं." उशी सारखी केली, खिडकी लावली. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ती गेल्यावर सगळं सूप संपवलं. स्वतःचीच लाज वाटली.

माझी मुलगी असती तर साधारण हिच्याच वयाची असती. हे लिहायला नको होतं.

४ ऑक्टोबर

पहिला प्रयोग. अजून तास आहे. तोवर लिहितेय.

माझ्या मेकअपच्या टेबलावर कार्नेशनचा गुच्छ आहे. लाल. चिठ्ठी नाही.

कार्नेशन! नटीच्या खोलीत! जुने मॅनेजर ज्या नटीला पुढच्या हंगामात ठेवायचं तिला गुलाब पाठवायचे आणि जिला काढायचं तिला ही स्वस्तातली फुलं. तोंडानं सांगायची हिंमत नव्हती मेल्यांना. तेव्हापासून आमच्यात ही फुलं कुणी घरातसुद्धा ठेवत नाही. आमचा जुना दारवान आन्सेल्म असता तर त्यानं दारातच उकिरड्यावर टाकली असती. पण तो गुडघा मोडून इस्पितळात आहे आणि त्याच्या जागी कुणी निवृत्त पोस्टमन बसवलाय. त्याला विचारलं, कुणी दिली?

"दुपारी एक बाई देऊन गेली. घाईत होती. निळा रुमाल डोक्याला."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बाईंच्या खोलीत ठेवा."

बाईंच्या.

म्हणजे ते सूप, ती उशी, ते भरलेले डोळे... सगळं नाटक. भूमिका घेऊन पोट भरलं नाही, आता मला घालवायचं आहे. मी शिकवलेल्या पोरीला माझी जागा मला अशी दाखवावीशी वाटली.

ठीक आहे. मी जागेवरच उभी राहीन.

५ ऑक्टोबर

राहिले.

चौथा अंक. ती गप्प झाली, आणि शब्द गेला. मला तिच्या मानेवरूनच कळलं. तिनं हात जरासा मागे केला, मनगट माझ्याकडे वळवून. मी हात बांधून, मान खाली घालून उभी. सखी उभी राहते तशी.

आधी प्रेक्षकांना ते गप्प होणं आवडलं. मग कुणी खोकलं. मग वरच्या सज्ज्यातून एकजण हसला, आणि त्याच्या मागून बरेच. मारिव्हॉननं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. राणी म्हणून नाही, माझ्या स्वयंपाकघरात ओळ चुकली की पाहायची तसं. मग भाषण सोडून तिनं थेट हुकुमाची ओळ म्हटली, घाईघाईनं, सामान आणायला पाठवावं तशी. हुकूम घेऊन मी बाहेर पडले.

विंगेत कोस्तार माझ्यावर धावून आला. "तुम्ही शेजारी होतात! तुम्हाला शब्द पाठ आहेत!"

"सखीला फक्त कान असतात, मस्यू."

इतकं सुख मला गेल्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं. लिहून ठेवते, खोटं कशाला बोलू?

७ ऑक्टोबर

पेपरात आलंय — राणी मुकी, नाटक लंगडं. दुसऱ्या प्रयोगालाही ती तिथंच अडली. यावेळी मी हात पुढे केला. कोस्तार विंगेतून बघत होता म्हणून.

तिनं तिचा हात काढून घेतला.

१० ऑक्टोबर

कोस्तारनं भूमिका बदलल्या. राणी मी, सखी ती. वाटलं होतं, पोरगी भांडेल, निघून जाईल. "बरं," एवढंच म्हणाली. राखाडी झगा हातात घेऊन शिवणखोलीत गेली, तिच्या मापाचा करून घ्यायला.

१२ ऑक्टोबर

टाळ्या. उभं राहून. खाटकाची बायको मधल्या रांगेत रडत होती.

माझ्या झग्याची मागची नाडी मारिव्हॉन बांधते, ते सखीचं काम. घट्ट नाही, सैल नाही. एक अक्षर बोलत नाही. मीही नाही. सखी उत्तम करते ती. याचाही मला राग येतो.

२० ऑक्टोबर

मजा यायला हवी तेवढी येत नाही. वय, दुसरं काय.

२६ ऑक्टोबर, रविवार

दुपारचा प्रयोग. थोड्या वेळात पडदा. नाडी बांधायला मारिव्हॉन येईल. त्याआधी लिहिते.

आत्ता एक बाई आली होती. माझ्याच वयाची, जाड बूट, हात खरखरीत, डोक्याला निळा रुमाल. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली लाल कार्नेशन.

"तुम्हीच ना बाई? बघताक्षणी ओळखलं. आमच्याकडे चुलीवरच्या फळीवर तुमचा फोटो आहे. आमच्या मारिव्हॉननं लावलाय, देवाच्या शेजारी." हसली. दात दोनच गेलेत, बाकी मारिव्हॉनचंच हसू. "मागच्या वेळची फुलं पोचली ना? त्या दारातल्या माणसाला म्हटलं होतं, बाईंच्या खोलीत ठेवा. मासळी उतरवायला गावात आले होते, परतीची गाडी गाठायची होती. पोरीलाही भेटले नाही, पहिल्याच दिवशी उगाच घाबरायची. पण म्हटलं, तुमच्यासाठी काहीतरी ठेवून जावं. माझ्या परसातली आहेत. लग्न असो, बारसं असो, आमच्याकडे हीच देतात. ही शेवटची, आता थंडीनं जातील."

बसा म्हणाले असेन.

"नको, मी जाते जागेवर. पुढची जागा घेतलीय, म्हटलं पोर नीट दिसू दे." दारातून परत वळली. "मी तिला जन्म दिला, बाई. पण राणी तुम्ही केलीत."

मारिव्हॉननं तिला काही सांगितलेलं नाही.

फुलं टेबलावर आहेत. ती पाण्यात ठेवायला हवीत. ही पावलं तिचीच.

त्याच दिवशी, घरी

नाडी बांधायला आली तेव्हा मारिव्हॉननं टेबलावरची फुलं पाहिली; कुणाच्या परसातली, हे तिला सांगावं लागलं नाही. पहिल्या रांगेत तो निळा रुमाल. चौथ्या अंकात मी गप्प झाले आणि माझं सगळं पुसलं गेलं. पहिला शब्द नाही, दुसरा नाही, काही नाही. हात मागे करायची मला हिंमत झाली नाही.

मनगटावर दोन बोटं आली. शब्द आला.

विंगेत शिरल्यावर मी तिचं नाव घेतलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या झग्याचा घोळ नीट करत म्हणाली, "या फुलांचा इथं काय अर्थ होतो, ते आईला कधी सांगू नका, बाई."