एकटीचा फोटो

६ ऑक्टोबर २०२५

आणला! सांगून नाही, विचारून नाही. ऑफिसातून येताना गाडीच्या डिकीत, टॉवेलात गुंडाळून. जर्मन कॅमेरा, तोही वापरलेला. कॅम्पातले कुणी निवृत्त कर्नलसाहेब विकत होते म्हणे. किंमत – चार लाख ऐंशी हजार.

मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेवढीच सांगितली.

पैसे प्रॉव्हिडंट फंडातले. अर्जात कारण लिहिलंय ‘घरदुरुस्ती’. दोन वर्षं मी त्याच फंडाकडे डोळे लावून बसलेय. वरच्या मजल्यावर ईश्वरीसाठी खोली काढायची, पुढच्या वर्षी तिची दहावी. खोली जाऊ दे, मोरीची भिंत तरी! ती अजून ओली आहे आणि टेबलावर घरदुरुस्ती चामड्याच्या पट्ट्यासकट बसलीय.

तोंडावर मी नवऱ्याला अहो म्हणते. इथं मात्र वैजनाथच लिहिणार. इथं तरी मान द्यायची सक्ती नाही.

७ ऑक्टोबर

आज हिशोब करून दाखवला. तीस वर्षं वापरला तर दिवसाला चव्वेचाळीस रुपये पडतात. ‘एका चहा-वड्याचे पैसे गं.’ मग वडाच खायचा होता.

९ ऑक्टोबर

ह्या कॅमेऱ्याला आपोआप काही जमत नाही. मोबाईल स्वतःच चेहरा शोधतो. इथं पुढचं कडं हातानं फिरवत बसायचं आणि वैजनाथला ते फिरवायला पुरतं दीड मिनिट लागतं. तेवढ्यात ईश्वरीचं हसू ओसरतं, दूध उतू जातं, मांजर निघून जातं.

चार दिवसांत दोनशे फोटो झाले. त्यात फ्रीज आहे, जास्वंद आहे, गाडीचा आरसा आहे. माझा एक आहे. त्यात माझं कोपर स्पष्ट आलंय आणि तोंड मागं धुक्यात. मी म्हटलं, हलला वाटतं. तर म्हणे, हेच तर ह्या लेन्सचं सौंदर्य! कुटुंबाच्या फोटोंसाठी आणलाय ना? मग कुटुंबाचं तोंड दिसलं तर काय बिघडतं?

१३ ऑक्टोबर

मी रोज फोटो काढते. शाळेत पोरं जेवायला बसली की खिचडीचा, ताटांचा, हात धुतानाचा. सगळे वर पाठवावे लागतात. मोबाईल अकरा हजारांचा, काचेला तडा गेलेला. पण खिचडीतला वाटाणान् वाटाणा दिसतो.

शेजारच्या वर्गावरच्या बाईंनी विचारलं, मिस्टरांनी कॅमेरा घेतला म्हणे, केवढ्याला? मी चाळीस हजार सांगितले. त्यावरच त्यांनी डोळे एवढे मोठे केले! त्याच्या हौसेपायी मला खोटं बोलावं लागतंय. घरी येऊन हे त्याला सांगितलं, तर म्हणाला, बरं केलंस.

१६ ऑक्टोबर

आज तमाशाच झाला. आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, वैजनाथनं अंगणात खुर्चीवर बसवलं. उजेड चांगला होता म्हणे. पदर सारखा केला, मला बाजूला व्हायला सांगितलं, ईश्वरीला शेजारून उठवलं. का? तर ‘आईचा एकटीचा हवा.’

आत्यांनी आजूबाजूला पाहिलं. कुणीच नाही. लागलीच उठल्या.

ह्या माणसाला कुणी सांगायचं? आमच्याकडं म्हातारं माणूस लग्नात फोटोला उभं राहील, नातवाबरोबर राहील, बैलाबरोबरसुद्धा राहील. पण एकटं बसवून कॅमेरा रोखला की त्याचा अर्थ एकच – भिंत आणि हार. हे ईश्वरीलाही माहीत आहे. चार लाखांच्या मालकाला नाही!

बरं, सावरून घ्यायचं, तर म्हणाला, ‘आई, आठवण म्हणून गं.’ झालं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईला आठवण म्हणून!

‘मला भितीवर चढवायची घाई झाली व्हय तुला?’ म्हणाल्या आणि आत गेल्या. जेवायला त्याच्या पंगतीला बसल्या नाहीत. तो मला म्हणतो, मी कॅमेरा मुळात तिच्यासाठीच घेतला, तिचा एक धड फोटो घरात नाही. मी म्हटलं, आता येणारही नाही.

२३ ऑक्टोबर

भाऊबीज. राहुरीहून चांगुणावन्सं आल्या, भावजी आले. ओवाळणी, जेवण, सगळं छान. मग निघाला कॅमेरा. तीन पायांचा स्टँड, त्यावर तो, मागं वाकलेला वैजनाथ. अर्धा तास आम्ही देवीच्या रांगेसारखे उभे. आधी आई, बहीण आणि तो असा तिघांचा काढणार होता. तिघांचा काढत नसतात म्हणून आत्यांनी ईश्वरीला ओढून घेतलं. मग म्हणे सगळेच या. टायमर लावून तोही धावत येऊन उभा राहिला.

फोटो बघितला. मागचा आकाशकंदील असा काही आलाय की त्याच्या झिरमिळ्या मोजाव्यात. पुढं आम्ही सहा भुतं.

चांगुणावन्संनी मोबाईलवर एक काढला, एका सेकंदात. ग्रुपवर टाकलासुद्धा. सगळे हसत होते. मी तिथंच थांबायला हवं होतं. थांबले नाही. म्हटलं, चार लाख ऐंशी हजार घातले तेव्हा कुठं आकाशकंदील नीट आला!

किंमत माझ्याशिवाय घरात कुणालाच माहीत नव्हती. आत्यांनी हळूच विचारलं, ‘किती म्हनली?’ वैजनाथ खाली बसून स्टँडचे पाय मिटत राहिला. ते लवकर मिटेनात.

आत्या वन्संबरोबर चार दिवस राहुरीला गेल्या. राग असणार.

२५ ऑक्टोबर

विकतो म्हणाला. मी काही बोलण्याआधीच. इंटरनेटवर टाकलासुद्धा. भांडला असता तर बरं वाटलं असतं. मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती.

२८ ऑक्टोबर

संगमनेरचे एक डॉक्टर सव्वाचार लाखाला घेतायत. रविवारी येऊन नेणार. पंचावन्न हजार पाण्यात! पण खोलीचं काम तरी सुरू होईल. गवंड्याला फोन केला. मी जिंकले म्हणायचं.

वैजनाथ कॅमेरा पुसून पुसून खोक्यात घालतोय. लेक सासरी धाडताना माणूस एवढं करत नाही.

२९ ऑक्टोबर

वन्सं आत्यांना सोडून गेल्या. चहासुद्धा घेतला नाही. चेहरा ओढलेला, माझ्याशी नजर मिळवेनात. एवढा राग? कॅमेरा मी घेतला का? किंमत सांगितली एवढाच माझा गुन्हा.

३१ ऑक्टोबर

वैजनाथ ऑफिसात, ईश्वरी क्लासला, मला अजून दिवाळीची सुट्टी. मी मेथी निवडत होते. आत्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या. इरकली लुगडं नेसलेल्या, केसांना तेल लावून चापून अंबाडा, कपाळावर कुंकवाच्या जागी बुक्का.

‘पंकजा, वैजूचा तो क्यामेरा आन. माझा एक काढ. एकटीचा.’

मी हसलेच. म्हटलं, मोबाईलवर काढते की, पटकन होईल.

‘मोबाईल नगं. त्यो मोठा आन.’

मग त्यांनी सांगितलं. उभ्या उभ्याच, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं. राहुरीला वन्संनी डॉक्टरकडं नेलं होतं. पोटात गाठ आहे. पसरलीय. ह्या वयात कापाकापी नको, असं डॉक्टर म्हणाले आणि आत्यांनीही तेच सांगितलं. महिने मोजायचे. वन्संना ठाऊक, आता मला.

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. म्हटलं, ह्यांना बोलावते, ते नीट काढतील, मला नाही येत.

‘त्याच्याम्होरं एकटी बसले की त्याला समजंल. लगीच समजंल. मंग काढनार कसा त्यो? तू काढ. त्याला इतक्यात सांगू नगं. पोरीची परीक्षा हुं दे, मी सांगते.’

अंगणात खुर्ची ठेवली. त्याच खुर्चीवर, त्याच जागी बसल्या. मला विचारवेना, तरी विचारलं, आत्या, पण का? भिंतीवरच्या फोटोला तर तुम्ही भीत होता.

‘मामंजींचा तुझ्या बघितला न्हाई का?’

एकोणीस वर्षं बघतेय! दर आठवड्याला पुसतेय! मामंजी अचानक गेले तेव्हा त्यांचा एकट्याचा फोटो नव्हता. वन्संच्या लग्नातल्या घोळक्यातून स्टुडिओवाल्यानं तोंड कापून घेतलं आणि कोट-टायवर चिकटवलं. डोक्यावरचा पटकाही गेला. मला तर ते साहेबी मामंजीच खरे वाटायला लागले होते.

‘जन्मात कोट घातला न्हाई त्यांनी. रोज सकाळी मी परक्या मानसाला नमस्कार करते. माझ्या तोंडाला बी कुनाची तरी पैठनी लावतील. मला माझ्या लुगड्यात र्‍हायचंय.’

मी कडं फिरवायला लागले. भिंगातून दोन दोन आत्या दिसत होत्या, एकीवर दुसरी सरकलेली. कडं फिरवून दोघींची एक करायची असते, हे वैजनाथ शंभरदा सांगत होता आणि मी शंभरदा नाक मुरडत होते. मला किती वेळ लागला कोण जाणे. आत्या हलल्या नाहीत. मी रडत होते, त्यामुळं दिसेना. त्या म्हणाल्या, ‘सावकाश. मला कुठं जायचंय आत्ता.’

सतरा काढले. एक चांगला आलाय. चांगला नाही – आत्या आहेत तशाच आल्यात. इरकलीचा काठ, कानामागची सुटलेली बट, आणि माझ्याकडं बघताना नेहमी असते तशी थोडी नाराजी.

कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढून त्यांच्या ट्रंकेत ठेवलं, खोक्यातलं दुसरं आत घातलं. मेथी तशीच पडली होती, ती निवडली.

१ नोव्हेंबर

गवंडी येऊन माप घेऊन गेला. मला काही सुचत नव्हतं. उद्या कॅमेरा जाणार. थोड्या दिवसांनी वैजनाथला सगळं कळेल आणि त्याच्या हे लक्षात आल्याशिवाय राहणार नाही की आईचे दिवस मोजके राहिले, नेमका तेव्हाच आपण तो विकला. बायकोनं चारचौघांत हसं केलं म्हणून विकला. माझ्यामुळं.

दिवसभर त्याच्याशी धड बोलता आलं नाही. त्याला वाटलं, मी अजून चिडलेली आहे.

२ नोव्हेंबर

संगमनेरचे डॉक्टर कॅमेरा न्यायला निघायच्या बेतात होते. मीच फोन घेतला आणि विकायचा नाही म्हणून सांगितलं. वैजनाथ बघतच राहिला. का गं? म्हणाला. मी म्हटलं, राहू द्या, फोटो बरे येतात त्यानं. खोली पुढच्या वर्षी बघू. त्याला एवढा आनंद झाला की चप्पल न काढताच आत पळाला, आत्यांना सांगायला – ‘आई, पंकजाला पटलं बघ, पैसे वाया नाही गेले!’